एन्क्रिप्शन कर्नेलकडे सोपवायचे की लायब्ररीकडे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: लिनक्सवर एक सेवा लिहायची आहे. ती फाइली घेईल, एन्क्रिप्ट करून साठवेल आणि मागणी आली की उघडून देईल. कर्नेलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सर्वाधिकार असलेल्या गाभ्यात, एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत आधीच आहे, डिस्क एन्क्रिप्शनसाठी ते वर्षानुवर्षे वापरात आहे. मग ओपनएसएसएलसारखी भली मोठी क्रिप्टो लायब्ररी (तयार कोडचा संच) प्रोग्रामला जोडण्याऐवजी कर्नेललाच हे काम का सांगू नये? त्यातून तीन फायदे अपेक्षित आहेत: वेग वाढेल, एक अवलंबित्व कमी होईल आणि किल्ली प्रोसेसच्या मेमरीऐवजी कर्नेलमध्ये सुरक्षित राहील.

माझा सल्ला लायब्ररी वापरण्याचा आहे. वेगाचा तर्क आजच्या प्रोसेसरवर उलटा पडतो. अवलंबित्वाचा मुद्दा अर्धा खरा आहे. किल्लीच्या काळजीबद्दल मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, पण तिचा उपाय दुसरीकडे आहे. आणि जी एक गोष्ट खरोखर कर्नेलकडूनच घ्यायला हवी, तिचा प्रश्नात उल्लेखच नाही: रँडम बाइट.

आधी वेग. एन्क्रिप्शनसाठी कर्नेलकडे जावे ही कल्पना जुन्या हार्डवेअरमधून आली. प्रोसेसर एईएस सावकाश करायचा आणि वेगळे अ‍ॅक्सिलरेटर कार्ड ते झटपट उरकायचे. कार्डाला ड्रायव्हर लागतो, ड्रायव्हर कर्नेलमध्ये राहतो, म्हणून प्रोग्रामला कर्नेलकडे जावेच लागे. ओपनबीएसडीने याच कारणासाठी कर्नेलमध्ये क्रिप्टो फ्रेमवर्क आणि प्रोग्रामसाठी ‘डेव्ह-क्रिप्टो’ हे उपकरण आणले. सनच्या अल्ट्रास्पार्क टी१ प्रोसेसरमध्ये आरएसए या एन्क्रिप्शनच्या दुसऱ्या पद्धतीसाठी लागणाऱ्या मोठ्या संख्यांच्या गणिताचा विभाग चिपवरच होता, तरी साध्या प्रोग्रामला त्याला थेट हात लावता येत नसे. पुढे २०११ च्या स्पार्क टी४ मध्ये क्रिप्टोच्या सूचना कोणत्याही प्रोग्रामला थेट वापरता येतील अशा आल्या. इंटेलने २०१० मध्ये वेस्टमियर पिढीत दिलेल्या एईएस-एनआय सूचनाही तशाच. त्यांना ना ड्रायव्हर लागतो, ना विशेष अधिकार. लायब्ररी त्या सरळ चालवते.

याचा हिशेब करून पाहा. सध्याच्या प्रोसेसरवर एईएस-जीसीएमला (एन्क्रिप्शनसोबत मजकूर बदललेला नाही याचा शिक्का लावणारी एईएसची रीत) एका बाइटमागे प्रोसेसरची साधारण एक सायकल किंवा त्याहून कमी लागते. एका सिस्टम कॉलच्या, म्हणजे प्रोग्रामने कर्नेलला काम सांगण्याच्या, जाण्यायेण्याला काहीशे सायकली जातात, आणि जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यानंतर ज्या यंत्रांवर कर्नेलची आणि प्रोग्रामची पेज टेबल (मेमरीचे नकाशे) वेगळी ठेवावी लागली तिथे हा खर्च आणखी वाढला. शंभर बाइटांचा तुकडा एन्क्रिप्ट करायला कर्नेलकडे गेलात तर प्रत्यक्ष कामापेक्षा प्रवासच कितीतरी मोठा होतो. तुकडा मोठा केला की प्रवासाचा वाटा घटतो, पण फार तर बरोबरी गाठता येते. कारण दोन्हीकडे राबणारी सूचना तीच आहे.

शिवाय कर्नेलच्या वाट्याला एक जादा ओझे येते. एईएस-एनआय प्रोसेसरच्या आतले व्हेक्टर रजिस्टर, म्हणजे चालू कामाचे छोटे साठे, वापरते आणि त्या रजिस्टरांत तुमच्या प्रोग्रामचा मजकूर असतो. त्यांना हात लावण्याआधी कर्नेलला तो मजकूर जपून ठेवण्याची तजवीज करावी लागते, आणि इंटेलसारख्या एक्स-८६ प्रोसेसरवर तेवढ्या वेळापुरता त्या कोअरवर दुसरा थ्रेड आणणे थांबवावे लागते. लायब्ररीला यातले काहीच करावे लागत नाही, रजिस्टर तिचेच असतात.

लिनक्समध्ये प्रोग्रामसाठीचा अधिकृत मार्ग म्हणजे एएफ-एएलजी. तो २०११ मध्ये २.६.३८ या आवृत्तीत आला. त्याची पद्धत सॉकेटची, म्हणजे नेटवर्कच्या जोडणीसारखी, आहे: सॉकेट उघडायचा, अल्गोरिदमच्या नावाशी तो बांधायचा, किल्ली बसवायची, ‘अ‍ॅक्सेप्ट’ करून कामाचा वेगळा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या सॉकेटचा क्रमांक) मिळवायचा, त्यावर डेटा पाठवायचा आणि निकाल वाचायचा. डेटाची कॉपी टाळायला ‘स्प्लाइस’ कॉलची सोय आहे. ज्यांच्याकडे खरोखर कर्नेलमागचे हार्डवेअर आहे, किंवा ज्यांना छोट्या साधनासाठी वेगळी लायब्ररी नको आहे, त्यांना ते उपयोगी पडते. आयडब्ल्यूडी हा वायफाय डीमन (पार्श्वभूमीला चालणारा प्रोग्राम) ते वापरतो, डिस्क एन्क्रिप्शन बसवणारे क्रिप्टसेटअपही वापरते. पण त्याची किंमत यंत्रावरचे सगळेच मोजतात. साध्या वापरकर्त्याच्या प्रोसेसला या दारातून कर्नेलमधल्या क्रिप्टो ड्रायव्हरांच्या मोठ्या संचापर्यंत पोहोचता येते, आणि लागेल ते मॉड्यूल मागणीनुसार आपोआप लोडही होते. सिझकॉलरसारख्या फझरने (वेडेवाकडे इनपुट देऊन दोष शोधणाऱ्या साधनाने) या भागात अनेक दोष शोधून काढले आहेत. लायब्ररीतला मेमरीचा दोष एक प्रोसेस बुडवतो, इथला दोष अख्खे यंत्र बुडवू शकतो. म्हणून ज्या सर्व्हरवर याचा कुणी वापर करत नाही तिथे हा मार्ग बंद ठेवावा, असे मी आग्रहाने सांगतो. बंद करण्याआधी कोण वापरतो हे मात्र तपासा.

एक उदाहरण मला फार बोलके वाटते. २०२० मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सेवा कंपनीच्या अभियंत्यांनी डीएम-क्रिप्टचा, म्हणजे लिनक्स कर्नेलमधल्या डिस्क एन्क्रिप्शनचा, वेग इतका कमी का, याचा शोध घेतला. एईएसवर दोष जात नव्हता. वाचन-लेखनाची प्रत्येक विनंती कर्नेलमधल्या एकामागून एक रांगांतून जात होती आणि वेळ तिथे मुरत होता. रांगा टाळण्याची सोय ५.९ या आवृत्तीत मूळ कर्नेलमध्ये आली. म्हणजे कर्नेलच्या आतही गणित स्वस्त होते आणि ने-आण महाग होती. एन्क्रिप्शनच्या कोणत्याही आराखड्याचा आढावा घेताना मी म्हणूनच आधी डेटाचा प्रवास कागदावर काढायला सांगतो. बाइट कुठून आले, कुठे जाणार आहेत, मध्ये किती वेळा हद्द ओलांडतात? अल्गोरिदमची चर्चा त्यानंतर.

हाच नकाशा कर्नेलचे हक्काचे काम कोणते तेही दाखवतो. जो डेटा मुळात कर्नेलच्या हातात आहे आणि कर्नेलमधूनच पुढे जाणार आहे, तो तिथेच एन्क्रिप्ट व्हावा. डिस्कचे ब्लॉक, फाइल सिस्टिमची पाने, आयपीसेक या नेटवर्क एन्क्रिप्शनची पॅकेटे या वर्गात येतात. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये ५.६ या आवृत्तीबरोबर लिनक्समध्ये आले, त्यामागेही हेच कारण होते. व्हीपीएन प्रोग्राम बाहेर चालवला की प्रत्येक पॅकेट आधी बाहेर काढावे लागते आणि एन्क्रिप्ट करून पुन्हा आत न्यावे लागते. अर्थात पॅकेटे एकेक न नेता गठ्ठ्याने नेली तर हा खर्च पुष्कळ खाली येतो आणि बाहेरचा प्रोग्रामही चांगला वेग गाठतो. त्यामुळे ‘कर्नेलबाहेर म्हणजे हळू’ हा नियम मी कुणाला पाठ करू देत नाही.

केटीएलएसचे, म्हणजे कर्नेलमधल्या टीएलएसचे, उदाहरण सर्वांत शिकण्यासारखे. टीएलएस म्हणजे वेबवरच्या जोडण्या एन्क्रिप्ट करणारी पद्धत. नेटफ्लिक्ससारख्या सेवेत सर्व्हरवरची फाइल जशीच्या तशी ग्राहकाकडे जाते. ‘सेंडफाइल’ कॉलने ती प्रोग्रामच्या मेमरीत न येता डिस्कवरून थेट नेटवर्ककडे जाऊ शकते. पण टीएलएस मध्ये आले की ती सोय मोडते, कारण एन्क्रिप्शनसाठी डेटा बाहेर लायब्ररीकडे आणावा लागतो. त्यावर नेटफ्लिक्सने फ्रीबीएसडीमध्ये टीएलएसचा रेकॉर्डचा थर, म्हणजे प्रत्यक्ष डेटा एन्क्रिप्ट करणारा भाग, कर्नेलमध्ये नेला. लिनक्समध्ये पाठवण्याची बाजू २०१७ मध्ये ४.१३ मध्ये आली, वाचण्याची २०१८ मध्ये ४.१७ मध्ये. २०२१ च्या ओपनएसएसएल ३.० मध्ये त्याला आधार मिळाला.

यातली वाटणी नीट पाहा. हँडशेक (सुरुवातीला किल्ल्या ठरवण्याची देवाणघेवाण), समोरच्याची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची तपासणी, कुणावर विश्वास ठेवायचा याचे निर्णय, हे सगळे लायब्ररीतच राहिले. कर्नेलला मिळते ती फक्त त्या जोडणीपुरती तयार झालेली सममित (दोन्ही बाजूंना एकच) किल्ली आणि चालू क्रमांक. हा संयम नंतरही पाळला गेला. नेटवर्कवरून फाइली वापरू देणारे एनएफएस आता टीएलएसवरूनही चालते आणि एनएफएसचा क्लायंट तर कर्नेलच्या पोटातच असतो. तरी २०२३ च्या ६.४ आवृत्तीत जी यंत्रणा आली तिच्यात कर्नेल हँडशेकपुरता तो सॉकेट बाहेरच्या एका डीमनकडे सोपवतो आणि काम झाले की परत घेतो. विंडोजमध्येही टीएलएसचा हँडशेक एलएसएएसएस या वेगळ्या प्रोसेसमध्ये होतो.

असे का, याचे उत्तर हार्टब्लीडमध्ये आहे. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या त्या दोषात समोरच्याने सांगितलेली लांबी न तपासता ओपनएसएसएल दर वेळी ६४ किलोबाइटपर्यंत मेमरी परत पाठवत असे. एका सर्व्हर प्रोसेसची मेमरी फुटली तेवढ्याने जगभर सर्टिफिकेटे बदलावी लागली. तोच कोड कर्नेलमध्ये असता तर फुटलेली मेमरी कर्नेलची असती, आणि तिच्यात यंत्रावरच्या कोणत्याही प्रोसेसचे काहीही असू शकले असते. सर्टिफिकेट वाचण्याचा कोड गुंतागुंतीचा असतो, त्याला मिळणारा मजकूर परक्याकडून येतो आणि त्याचे नियम बदलत राहतात. असा कोड सर्वाधिकार असलेल्या जागी न्यायचा नसतो.

आता किल्ली. कर्नेलमधली किल्ली प्रोसेसला वाचता येत नाही, हे खरे. पण ती तिथे पोहोचते कशी? नेहमीच्या वापरात तुमचाच प्रोग्राम ती फाइलमधून किंवा नेटवर्कवरून वाचतो, आपल्या बफरात ठेवतो आणि मग सॉकेटला देतो. बफर पुसायला विसरलात तर फायदा तिथेच संपला. पुसलात, किंवा कर्नेलच्या किल्ल्यांच्या रिंगमधून फक्त क्रमांक देऊन ती वापरलीत, तरी ज्याने तुमच्या प्रोसेसचा ताबा घेतला त्याच्या हाती तो डिस्क्रिप्टर आहे. किल्ली चोरता आली नाही म्हणून त्याचे काही अडत नाही. तो कर्नेललाच फाइली उघडायला सांगेल आणि कर्नेल मुकाट्याने उघडून देईल.

कर्नेलची भिंत बाजूच्या गळतीलाही, म्हणजे वेळेसारख्या आडवाटेने किल्ली कळण्यालाही, पुरत नाही. ओस्विक, शमिर आणि ट्रोमर यांनी २००६ मध्ये प्रोसेसरच्या कॅशच्या (जलद मेमरीच्या) वेळा मोजून एईएसच्या किल्ल्या काढून दाखवल्या. त्यांचे एक लक्ष्य डीएम-क्रिप्टने एन्क्रिप्ट केलेले लिनक्सचे पार्टिशन होते आणि ६५ मिलिसेकंदांच्या मोजमापातून पूर्ण किल्ली हाती आली. हल्ला करणारी प्रोसेस कर्नेलबाहेर होती, किल्ली आत. तो मार्ग बंद झाला तो मेमरीतले तक्ते न वापरणाऱ्या कोडमुळे आणि एईएस-एनआयमुळे. लायब्ररीतही उपाय तोच आहे.

मग किल्ली वाचवायची कशी? वेगळ्या प्रोसेसमध्ये. दूरच्या यंत्रावर लॉगिन करण्याच्या किल्ल्या सांभाळणारा एसएसएच-एजंट हेच करतो: खासगी किल्ली त्याच्याकडे राहते, बाकीचे प्रोग्राम त्याच्याकडून सही करून घेतात. विंडोजमधली किल्ल्यांच्या विलगीकरणाची सेवाही याच विचाराची. दोन प्रोसेसमधली भिंत ही कर्नेलनेच बांधलेली असते, त्यामुळे संरक्षण तेच मिळते. शिवाय एजंट विचार करू शकतो: कुणी मागितले, किती वेळा मागितले, ही फाइल त्याची आहे का, याची नोंद ठेवू शकतो, नकार देऊ शकतो. एएफ-एएलजीला यातले काही कळत नाही.

तुमच्या सेवेत मी हे असे बसवेन. प्रत्येक फाइलला नवी रँडम किल्ली. ती मुख्य किल्लीने गुंडाळून फाइलसोबत ठेवायची. मुख्य किल्ली फक्त एका छोट्या, नेटवर्कशी थेट न बोलणाऱ्या प्रोसेसकडे, आणि परवडत असेल तर तिच्यामागे एचएसएम (किल्ल्या सांभाळणारे वेगळे उपकरण). मोठी सेवा मुख्य किल्ली कधीच पाहत नाही, तिला एका वेळी एका फाइलची किल्ली मिळते. त्या छोट्या प्रोसेसची मेमरी स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, जाणार नाही अशी कुलूपबंद करा, कोअर डंप (प्रोग्राम कोसळताना निघणारी मेमरीची प्रत) बंद करा आणि किल्ली पुसताना कंपायलर उडवणार नाही असे फंक्शन वापरा. साधे ‘मेमसेट’ अनावश्यक समजून काढून टाकले जाऊ शकते.

अवलंबित्वाबद्दल. ओपनएसएसएल मोठी आहे हे मान्य. पण तुम्हाला टीएलएस नको, फाइल एन्क्रिप्शन हवे आहे, तर लिबसोडियम ही क्रिप्टो लायब्ररी घ्या. इथे आकारापेक्षा मोठा फरक आहे तो उंचीचा. कर्नेलचे दार तुम्हाला कच्चे अल्गोरिदम देते. एईएस-सीबीसी ही एईएसची दुसरी रीत मागितली तर मिळेल, पण कुणी मजकूर बदलला का हे त्यात तपासलेच जात नाही आणि त्याबद्दल कुणी सावधही करणार नाही. जीसीएम मागितले तर नॉन्स (प्रत्येक संदेशाला एकदाच वापरायचा आकडा) सांभाळणे तुमच्या अंगावर. एकाच किल्लीखाली ९६ बिटांचा नॉन्स पुन्हा आला तर गुप्तता जातेच, शिवाय शिक्का तयार करणारी आतली किल्ली उघडी पडून बनावट मजकूरही बनवता येतो. आणि मोठी फाइल एकाच संदेशात बांधली तर शेवटचा शिक्का तपासेपर्यंत उघडलेला एकही बाइट पुढे द्यायचा नसतो. अनेक गीगाबाइटांच्या फाइलला हे जमत नाही, म्हणून लोक तपासण्याआधीच बाइट सोडतात. लिबसोडियमची सीक्रेटस्ट्रीम ही सोय फाइलचे तुकडे करते, प्रत्येकावर शिक्का लावते, तुकड्यांची अदलाबदल पकडते आणि शेवटचा तुकडा वेगळा ओळखते. त्यामुळे कुणी फाइल मध्येच कापली तर ते लगेच कळते. हे सगळे एएफ-एएलजीवर स्वतः रचायचे म्हणजे आपली स्वतःची क्रिप्टो लायब्ररी लिहायची, आणि तिचा आढावा घ्यायला दुसरे कुणीच नाही.

दुरुस्तीचाही विचार करा. लायब्ररी बदलली की प्रोसेस पुन्हा सुरू केली म्हणजे झाले. कर्नेल बदलला की बहुधा यंत्रच पुन्हा सुरू करावे लागते. कंटेनरच्या प्रत्येक इमेजमध्ये (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ररींचा एकत्र गठ्ठा) लायब्ररीची जुनी प्रत पडून राहते हा मात्र खरा त्रास आहे, आणि तिथे ‘कर्नेल एकच असतो’ हे म्हणणे वजनदार ठरते. त्याला इलाज इमेज नियमित नव्याने बांधणे हाच.

आता रँडम बाइट. इथे माझा कल पूर्ण उलटा आहे, कारण अनिश्चितता गोळा करण्यासाठी लागणाऱ्या घटना, म्हणजे इंटरप्टच्या वेळा, उपकरणांचा गोंगाट, सगळ्या कर्नेलला दिसतात. प्रोसेसची प्रत निघाली, व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट परत उभा केला, अशा वेळी रँडम बाइट बनवणाऱ्या जनरेटरची जुनी अवस्था दोन ठिकाणी नांदू लागते. त्याची खबरही कर्नेलकडेच पोहोचू शकते. लिनक्सच्या ५.१८ मध्ये स्नॅपशॉटची सूचना घेणारा ड्रायव्हर आला तो याचसाठी.

लायब्ररीने हे स्वतःच्या अंगावर घेतले की काय होते, ते डेबियन या लिनक्सच्या वितरणात दिसले. २००६ मध्ये तिथल्या ओपनएसएसएलमधून, मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या इशाऱ्यामुळे, काही ओळी काढल्या गेल्या. त्यांच्यासोबत जनरेटरमध्ये अनिश्चितता मिसळण्याचे कामच थांबले. उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी ३२,७६८ च्या आसपास शक्यता. मे २००८ मध्ये हे जाहीर होईपर्यंत बनलेल्या एसएसएच आणि टीएलएसच्या किल्ल्या अक्षरशः यादी करून ओळखता येत होत्या.

म्हणून ‘गेटरँडम’ वापरा. हा कॉल लिनक्समध्ये २०१४ च्या ३.१७ पासून आहे. यंत्र नुकतेच सुरू झाले असेल आणि पुरेशी अनिश्चितता जमलेली नसेल तर तो थांबून राहतो, जे हवेच असते. लिबसोडियम आतून हाच मार्ग घेते. वेगाची चिंता असेल तर २०२४ च्या ६.११ मधली रचना पाहा, मला ती अतिशय सुंदर वाटते. बाइट तयार करण्याचे काम प्रोसेसमध्येच, सिस्टम कॉलविना होते. पण त्याची अवस्था ज्या मेमरीत असते ती प्रोसेसची प्रत निघताना नव्या प्रोसेससाठी आपोआप कोरी होते, आणि नवे बीज केव्हा घ्यायचे ते कर्नेल सांगतो. गणित बाहेर, ताबा आत.

शेवटी एक निर्णय असा आहे जो तुमच्याखेरीज कुणी घेऊ शकत नाही, आणि त्यावर वरचे बरेच अवलंबून आहे: तुम्हाला भीती कशाची आहे? भीती फक्त डिस्क चोरीला जाण्याची किंवा जुनी डिस्क नीट नष्ट न होण्याची असेल, तर सेवेत एन्क्रिप्शन लिहूच नका. डीएम-क्रिप्ट किंवा एफएसक्रिप्ट (कर्नेलमधले फाइल सिस्टिमचे एन्क्रिप्शन) लावा, वरून सेंडफाइल आणि केटीएलएस वापरा. डिस्कपासून नेटवर्कपर्यंतचा सगळा प्रवास कर्नेलमध्येच होईल आणि तुमचा कोड निम्मा होईल. केटीएलएस खरेच चालू आहे का ते ‘प्रोक’ या कर्नेलची माहिती दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या ‘टीएलएस-स्टॅट’ फाइलीतले आकडे वाढताना दिसतात का यावरून पाहा, कारण सायफर (एन्क्रिप्शनची रीत) जुळला नाही तर लायब्ररी गुपचूप जुन्या मार्गावर जाते. पण भीती साठवणुकीचे यंत्र सांभाळणाऱ्या माणसाची, बॅकअप हाती लागणाऱ्याची किंवा त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या प्रोसेसची असेल, तर चालू यंत्रावर कर्नेलचे डिस्क एन्क्रिप्शन अशा माणसाला काहीच अडवत नाही, कारण फाइल वाचण्याची परवानगी असलेल्या प्रत्येकाला ती उघडीच दिसते. तिथे लायब्ररी, फाइलमागे एक किल्ली आणि ती छोटी वेगळी प्रोसेस, हीच रचना लागेल. मग सेंडफाइल सोडून द्यावे लागेल, कारण उघडलेला मजकूर तुमच्या मेमरीतूनच जाणार. तेवढा खर्च धरूनच यंत्रांची क्षमता ठरवा.